बाबांनी बूट काढले ते उद्यान

आज इथे अमेरिकेत एका परिचितांकडे जेवताना भारतातून आलेल्या पाहुण्यांनी विचारले, "या आयोवात मक्याच्या शेतांखेरीज पाहण्यासारखे आहे तरी काय?" सगळे हसले. यजमानांचा मान राखून मी गप्प बसले, परंतु मन अजून शांत झालेले नाही, म्हणून लिहीत आहे.

माझे बाबा निवृत्त शिक्षक. ते इकडे आले होते तेव्हा आम्ही त्यांना विंटरसेट या लहानशा गावी नेले. अभिनेता जॉन वेन 1907 साली तिथे जन्मला; त्याचे घर आणि पुतळा पाहायला लोक दुरून येतात. बाबांनी मात्र गाडीतून उतरताच विचारले, "कार्व्हर कुठे राहत होते?" कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या नावाचे एक छोटे उद्यान गावात आहे. तिथे पोहोचल्यावर बाबांनी पायांतले बूट काढले.

गुलामगिरीत जन्मलेल्या कार्व्हर यांना कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने केवळ वर्णामुळे दारातून परत पाठवले होते. पुढे ते विंटरसेटला आले आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबू लागले. चर्चमध्ये त्यांचा गाता आवाज ऐकून मिलहॉलंड दांपत्याने त्यांना घरी बोलावले, पुन्हा शिकण्याचा आग्रह धरला, आणि 1890 साली ते इंडियानोलाच्या सिम्प्सन महाविद्यालयात दाखल झाले. ते तिथवर पायी चालत गेले, अशी आख्यायिका आहे. तिथल्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांची वनस्पतींची जाण ओळखली आणि त्यांना एम्सच्या कृषी महाविद्यालयाची वाट दाखवली.

ज्यांचे चरित्र मराठीत वाचून आपल्यापैकी कितीतरी जण मोठे झालो, ते कार्व्हर घडले ते अशा गावांत. आणि आपण विंटरसेटच्या आसपासच्या जुन्या, छप्पर असलेल्या पुलांवर फोटो काढून परततो! मला याचा मनापासून संताप येतो. ते इथे थोडाच काळ राहिले, हे मान्य. पण त्या थोड्या काळात कोणीतरी त्यांना माणूस म्हणून घरात घेतले.

पुलांचा दोष नाही. परिसरातील अशा 19 पुलांपैकी आता 6 उरले आहेत. त्यांतल्या रोझमन पुलाची दंतकथा बाबांनी दोनदा सांगायला लावली: 1892 साली तुरुंगातून पळालेला कैदी पुलावर दोन्ही बाजूंनी घेरला गेला, छपरातून वर झेपावला आणि नाहीसा झाला, ज्याला हे साधले तो निर्दोषच असला पाहिजे, असे गावाने ठरवले. बाबा बराच वेळ त्या छपराकडे पाहत राहिले. कार्व्हरना आधार देणारे गाव अशीच गोष्ट जपणार, असे ते म्हणाले.

आता लिहिता लिहिता वाटते, त्या पाहुण्यांवर मी उगाच रागावले. त्यांना तिथे कोणी नेलेच नाही, आणि नेण्याचे काम तर इथे राहणाऱ्या आपलेच होते. येत्या शनिवारी आमच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. उद्या सकाळी मी त्यांना फोन करणार आहे.