हळू धावणंही धावणंच असतं

'किलोमीटरला सात मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर त्याला धावणं म्हणू नका' अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. परवा तो माझ्या ताईपर्यंत पोचला. तिने नुकतंच धावायला घेतलंय, आवडायलाही लागलंय. 'म्हणजे माझं सगळं फुकटच की,' असं तिने मला लिहिलं आणि माझं डोकं फिरलं.

सात मिनिटांची अट कुणी घातली? चालणं आणि धावणं यांतला फरक वेगाचा नाहीच. जपानच्या युसुके सुझुकीने २०१५ मध्ये २० किलोमीटर अंतर १ तास १६ मिनिटं ३६ सेकंदांत पार केलं, तेही चालत. किलोमीटरला चार मिनिटांच्या आत! चालण्याच्या शर्यतीत पंच पावलं बघतात, एक पाय जमिनीला टेकलेला दिसलाच पाहिजे. वेगावरून तिथे कुणी चालणारा ठरत नाही.

खरा घातक मुद्दा पुढचा आहे: 'जीव घशाशी आल्याशिवाय शरीराला काहीही फायदा होत नाही.' साफ खोटं. अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीच्या नियतकालिकात २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५,१३७ प्रौढ, सरासरी १५ वर्षांचा पाठपुरावा. न धावणाऱ्यांच्या तुलनेत धावणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी होता. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी येणाऱ्या मृत्यूचा ४५ टक्क्यांनी. रोज जेमतेम पाच-दहा मिनिटं धावणारे, ताशी सहा मैलांहून कमी, म्हणजे किलोमीटरला सव्वासहा मिनिटांहून जास्त घेणारे, यांच्यातही धोका कमीच आढळला. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, सगळं श्रेय धावण्यालाच देता येणार नाही, हे कबूल. पण 'काहीही फायदा नाही' हे म्हणायला त्यात तसूभरही आधार नाही.

आणि नवख्या माणसाने हा सल्ला मानला तर काय होतं? पहिली दोनशे मीटर जोशात जातात. मग तोंड उघडं पडतं, बरगडीखाली कळ येते, नडग्या भरून येतात. दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरावा लागतो आणि तिसऱ्या दिवशी बूट कपाटात जातात. धावत राहण्याचा दमसास लवकर वाढतो. हाडं आणि स्नायुबंध यांना सवय व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला धावता धावता अख्खं वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. लांब पल्ल्याचे अव्वल धावपटूसुद्धा आपला बहुतेक सराव त्यांच्या मानाने सोप्या गतीनेच करतात.

जोरात धावल्याने क्षमता आणखी वाढते, एवढं त्या मेसेजमध्ये खरं आहे. पण ते पाया झाल्यावरचं काम.

'गुडघे झिजतात' हा जुनाच बागुलबुवा. हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा संधिवात बैठ्या माणसांपेक्षा जास्त आढळत नाही. गुडघा आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवून सुरू करा, छातीत दुखत असेल तर थांबाच.

शेवटचं, 'मध्येच चाललात तर हरलात.' १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी धावणं-चालणं आलटून पालटून करण्याची पद्धतच लोकप्रिय केली. मिनिटभर धावा, दोन मिनिटं चाला, पुन्हा धावा. दमला नाहीत आणि उद्या परत यावंसं वाटलं, तर वेग बरोबर आहे.