डंखहीन मधमाश्यांचं मोहोळ फोडू नका

‘डंखहीन मधमाश्यांना नांगीच नसते, मोहोळ बिनधास्त फोडा, त्या दुसरीकडे घर करतील,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. नांगी असते, पण खुरटलेली; टोचत नाही. माश्या मात्र केसांत, कानांत शिरून चावतात, चिकट राळ फासतात. अमेरिका खंडातल्या ऑक्सिट्रिगोना माश्यांच्या स्रावात फॉर्मिक आम्ल असतं. कातडी भाजून निघते.

घर बदलण्याचं म्हणाल, तर पेटीतली राणी मी जवळून पाहिली आहे. अंड्यांनी पोट इतकं टम्म फुगलेलं की पंख त्यापुढे चिमुकले दिसतात. अशा राणीला उडताच येत नाही. मोहोळ फोडलं, की मेण-राळेच्या कुप्या फुटून मध सांडतो, वासावर फोरिड नावाच्या बारीक माश्या (या मधमाश्या नव्हेत) येऊन अंडी घालतात आणि अख्खी वसाहत मरू शकते.

कृपया तो मेसेज पुढे ढकलू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.