गोष्टी रेकॉर्डिंगमुळे टिकल्या हे पटलं नाही

लेख छान आहे पण अभ्यासकांनी वेळेत रेकॉर्ड करून ठेवल्या म्हणून अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांच्या गोष्टी टिकल्या, हे वाक्य अजिबात पटलं नाही. अहो मग सांगणारी माणसं कुठे गेली? 1982 मध्ये मेरी कार्टर स्मिथ आणि लिंडा गॉस या दोघींनी ब्लॅक कथाकारांची राष्ट्रीय संघटना उभी केली, तिचा साधा उल्लेखही नाही. मेरीबाई बाल्टिमोरच्या शाळांमध्ये शिक्षिका आणि लायब्ररियन होत्या, 1991 मध्ये मेरीलँडने त्यांना राज्याच्या अधिकृत 'ग्रिओ'चा मान दिला, ग्रिओ म्हणजे पश्चिम आफ्रिकेत घराण्यांचा इतिहास, वंशावळी तोंडपाठ ठेवून सांगणारे.

आम्ही चार वर्षं बाल्टिमोरला होतो, तिथल्या एका लायब्ररीत लेकीला घेऊन अशाच गोष्टी सांगण्याच्या कार्यक्रमाला गेले होते. सांगणाऱ्या आजी मध्येच थांबायच्या, हाक द्यायच्या आणि अख्ख्या खोलीने उत्तर दिल्याशिवाय पुढे जायच्याच नाहीत, सशाने कोल्ह्याला कसं फसवलं ते तर पोरांनीच निम्मं सांगितलं. मला आमची साताऱ्याची आजी आठवली, हुंकार दिला नाही की "झोपलीस का गं?" म्हणून गोष्ट तिथेच थांबवायची. आता टेपला कोण हुंकार देणार सांगा! रेकॉर्डिंग हवंच, मी नाही म्हणत नाही, पण त्या खोलीतली सहा वर्षांची पोरं घरी जाऊन तीच गोष्ट धाकट्या भावंडांना सांगतात, आमच्या लेकीने त्याच रात्री मला सांगितली, सशाचा आवाज काढून.