खुलासा : ‘मिठासारखं बोला’ म्हणजे तिखट बोला नव्हे
कोल्हापुरातल्या आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘पौलाने बोलणं मिठासारखं ठेवायला सांगितलंय, म्हणून ख्रिस्ती माणसाने तोंडावर झणझणीत सुनवावं.’ हे चूक आहे. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात (अध्याय 4, वचन 6) मिठाच्या आधी कृपा येते, आणि प्रत्येकाला कसं उत्तर द्यावं हे कळावं, असा हेतूही तिथेच दिलाय. मेसेजात नेमकं तेवढंच गाळलंय. मीठ रश्शाला चव आणतं. खारट झाला तर आपण वाटी बाजूला सारतोच की! जखमेवर चोळायचं मीठ तर वेगळंच. खरं बोलूच नका, असंही पौल म्हणत नाही; इफिसकरांस पत्रात (4:15) सत्य आणि प्रीती एकत्रच आहेत. तो मेसेज पुढे पाठवला असेल, तर हाही पाठवा.