उपाशी म्हणजे उपास नव्हे!

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी ९ ची केस, तीन वर्षांचा मुलगा, हर्नियाचं ऑपरेशन. ऑपरेशन थिएटरच्या दारात मी नेहमीसारखं विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" आई म्हणाली, नाही. बाबांनी मोबाईल काढून आमचाच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज दाखवला, 'मुलास उपाशी ठेवावे', खाली त्यांनी पाठवलेला अंगठा. तेवढ्यात मागून आजी म्हणाल्या, "उपाशीच आहे हो. ६ वाजता नुसतं दूध न् केळं दिलंय. उपासाला चालतं की!"

केस दुपारवर गेली. आजींवर चिडायची सोय नव्हती. साबुदाण्याची खिचडी हाणूनही आपल्याकडे माणूस उपाशीच असतो. शब्द आमचा चुकला होता.

मी भूलतज्ज्ञ आहे. पोट रिकामं का हवं, तर भूल दिल्यावर खोकला, गिळणं हे सगळं बंद पडतं. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. (काही देशांत आता मुलांना पाणी १ तास आधीपर्यंत देतात.) दूध दिसतं पातळ, पण पोटात त्याचं दही होतं. हे एक वाक्य सांगितलं की आज्या पटकन समजतात, कारण विरजण त्यांच्याच हातचं असतं. आम्ही मात्र पीडीएफ पाठवतो. 'शस्त्रक्रियापूर्व सूचना', पानं चार.

सध्या जो तो म्हणतो, पालकांचा ग्रुप काढा, काम झालं. चीनमध्ये फूच्यान प्रांतातल्या डॉक्टरांनी जन्मजात हृदयविकाराच्या मुलांच्या आईवडिलांना वीचॅटवरून (तिकडचं व्हॉट्सअ‍ॅपच म्हणा) शिकवण्याचे चांगले प्रयोग केलेत. आपल्याकडेही मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या, नियमावलीत व्हॉट्सअ‍ॅपचं नाव आहे. माझा विरोध नाहीच. पण निळी टिक म्हणजे समजलं असं नव्हे, आणि अंगठा म्हणजे संमती तर नाहीच नाही. ती समोर बसूनच घ्यायची. शिवाय मेसेज जातो बाबांच्या फोनवर आणि पोराला भरवते आजी, ही साधी गोष्ट आम्ही कितीतरी दिवस लक्षातच घेतली नव्हती!

ग्रुपचं तर विचारू नका. गुड मॉर्निंग, हळदीचे काढे, आणि एकदा एका बाबांनी लेकाच्या टाक्यांचा फोटो पंचवीस अनोळखी माणसांत टाकला. हर्नियाचे टाके कुठे, तर जांघेत! तेव्हापासून ग्रुप बंद, प्रत्येक घराशी वेगळी चॅट.

फोनचा खरा उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी दिसला. आदल्या रात्री विचारायचं, "सर्दी-खोकला आहे का?" पालक लपवतात, कारण रजा टाकलेली असते, गाडी ठरलेली असते. पण सर्दीत मुलाची श्वासनलिका भुलेखाली भलती चिडते. घरबसल्या कळलं तर पुढची तारीख देता येते, एसटीचा हेलपाटा वाचतो. दुसरं म्हणजे ऑपरेशनांची लिस्ट लांबली की लगेच कळवायचं, "नंबर १ वाजता लागेल, आता पाणी पाजा." 'रात्री १२ नंतर काही नको' या एका ओळीपायी किती तान्ही पोरं दुपारपर्यंत रडली असतील! उपाशी कमी ठेवणं चूक, तसं जास्त ठेवणंही चूकच. मात्र हे जमायला पलीकडे उत्तर देणारं कुणीतरी हवं. ज्या सिस्टरकडे अख्खा वॉर्ड आहे तिच्याच गळ्यात हा फोनही मारायचा, याला मी सुधारणा म्हणणार नाही.

आता आम्ही पीडीएफ बंद केलीय. वॉर्डातल्या मावशींच्या आवाजात एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज जातो, आणि आजीला ऐकवून तिचंच उत्तर मागवतो. "दूध नाय, च्या नाय, बिस्कुट नाय, केळं बी नाय. उपासाचं कायबी नाय."

परवा रात्री एका आजींचं उत्तर आलं, "आन् देवाचा परसाद?"

मावशींनी माझ्या आधीच बोलून पाठवलं, "अंगारा लावा कपाळाला. पेढा तुमी खावा."