भंगारातला फॅन आणि फुकटचे वीस हॉर्सपॉवर

"जुन्या स्पोर्ट्स कारचा पट्ट्यावर फिरणारा फॅन काढून फेका. भंगारातून कुठल्याही मोठ्या गाडीचा इलेक्ट्रिक फॅन आणा, रेडिएटरला झिप टायने बांधा, दोन वायरी जोडा. अर्ध्या तासाचं काम. पंधरा-वीस हॉर्सपॉवर फुकट मिळतात आणि गाडी परत कधी तापत नाही."

जुनी गाडी बाळगणाऱ्याला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच, शब्द थोडे इकडेतिकडे. गंमत म्हणजे त्यातला मूळ मुद्दा, भंगारातला फॅन बसवण्याचा, मला मान्य आहे. माझ्या गाडीत तसाच फॅन आहे. भांडण आहे ते बाकीच्या प्रत्येक वाक्याशी.

आधी हॉर्सपॉवर, कारण लोक भुलतात ते तिथेच. हा आकडा अगदीच हवेतला नाही. फॅनला लागणारी ताकद त्याच्या वेगाच्या घनात वाढते: वेग दुप्पट, तर ताकद आठपट. पत्र्याची रुंद पाती थेट पुलीवर बोल्टने आवळलेली असतील आणि इंजिन पाच हजार आरपीएमच्या वर फिरत असेल, तर तो फॅन खरोखरच जाणवेल इतकी ताकद खातो. दंतकथा तिथून निघाली. पण पुष्कळ गाड्यांत फॅन आणि पुली यांच्यामध्ये व्हिस्कस क्लच असतो. त्याच्या आत सिलिकॉन तेल आणि पुढच्या तोंडावर दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा थंड असेपर्यंत पट्टी तेलाची वाट अडवून धरते आणि फॅन नुसता रेंगाळतो. हवा तापली की वाट उघडते आणि फॅनला पकड मिळते. तरीही इंजिन सहा हजारांवर गेलं म्हणून फॅन काही सहा हजारांवर जात नाही, क्लच घसरत राहतो. ज्या वेगाला तुम्ही ताकद वाचवायला निघालात, तिथे तो क्लच ती आधीच वाचवतोय.

आणि इलेक्ट्रिक फॅनही फुकट फिरत नाही. ३० अँपिअर घेणारा फॅन साडेतेरा व्होल्टला सुमारे ४०५ वॅट खातो. पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५-६० टक्क्यांच्या आसपास धरली, तर पट्ट्यावरून सुमारे ७०० वॅट ओढले जातात. म्हणजे जवळजवळ एक हॉर्सपॉवर. फॅन बंद असतो तेव्हा ही ताकद वाचते, हे खरं. तेवढंच.

इलेक्ट्रिक फॅनचा खरा फायदा वेगळा आहे. गाडी उभी असताना, इंजिन आयडलिंगला असताना, तो पूर्ण जोरात हवा ओढतो. पट्ट्यावरचा फॅन नेमका तेव्हाच सगळ्यात हळू फिरत असतो. शिवाय वॉटर पंपाच्या बेअरिंगवरचं लोढणं उतरतं आणि बोनेटखालची घरघर कमी होते. कारखान्यांनाही हे कळलं होतं. जॅग्वार ई-टाइप १९६१ साली आली तीच इलेक्ट्रिक फॅन घेऊन. १९७३ च्या एमजीबी जीटी व्ही-८ या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये असे दोन फॅन होते आणि साध्या एमजीबीलाही पुढे १९७७ च्या मॉडेलपासून इलेक्ट्रिक फॅनच आला. पण त्या गाड्यांत फॅनबरोबर बाकीची व्यवस्थाही आली होती, आणि सल्ला देणारे विसरतात ते हेच.

"परत कधी तापत नाही." यावर मी एकच उलट प्रश्न विचारतो: तापते कधी? ट्रॅफिकमध्ये उभी असताना काटा चढत असेल आणि गाडी धावू लागली की उतरत असेल, तर दुखणं हवेचं आहे आणि फॅन बदलून फरक पडेल. पण मोकळ्या रस्त्यावर, ऐंशी-नव्वदच्या वेगात काटा चढत असेल, तर फॅनचा काही संबंध नाही. साधारण साठच्या पुढे समोरून येणारी हवाच पुरेशी असते. तिथे रेडिएटरच्या नळ्या गाळाने भरल्यात का, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, अर्धवट उघडतोय का, खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतोय का, इग्निशनचं टायमिंग मागे पडलंय का, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ झालंय का, हे बघायचं. अशा गाडीला फॅन बसवणं म्हणजे म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन. ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या गाडीतही आधी क्लच तपासा. इंजिन गरम करून बंद करा आणि फॅन हाताने फिरवा. थोडा विरोध जाणवायला हवा. तो भिरभिर फिरत राहिला, तर तेल गळून गेलंय आणि नवा क्लच बसवला की काम भागेल.

"कुठल्याही मोठ्या गाडीचा." भंगारातला फॅन बाजारातल्या स्वस्त, पातळ नव्या फॅनपेक्षा पुष्कळदा सरस असतो, हे मी मानतो. कारखान्याच्या फॅनची मोटर वजनदार आणि पाती खोल असतात. शिवाय नव्या फॅनच्या खोक्यावर हवेचा जो आकडा छापतात, तो बहुतेक वेळा समोर रेडिएटर नसताना मोजलेला असतो. दाट जाळीतून हवा ओढायची वेळ आली की तो आकडा धापा टाकतो. फोर्ड टॉरसच्या ३.८ लिटर इंजिनाचा दोन वेगांचा फॅन अशा कामासाठी उगाच प्रसिद्ध झालेला नाही.

पण "कुठल्याही" हा शब्द महागात पडतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांचे फॅन ब्रशलेस, म्हणजे मोटरीत कार्बन ब्रश नसलेले, असतात, त्यांना कंप्युटरकडून ठोक्याठोक्यांचा सिग्नल लागतो. नुसते बारा व्होल्ट दिले तर काही फॅन गप्प बसतात, काही कायम पूर्ण वेगाने सुटतात. कपलरला, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगला, दोन जाड वायरींबरोबर एखादी बारीक वायर दिसली की आधी चौकशी करा. जड ट्रकवरचा फॅन २४ व्होल्टचा असू शकतो. जागेचा प्रश्न तर सगळ्यात अवघड. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये पंपाचं नाक आणि रेडिएटर यांच्यात जेमतेम हात जातो, आणि जोरात ब्रेक मारला की इंजिन आपल्या रबरी पायांवर पुढे झुकतं. निदान दोन सेंटिमीटर फट उरत नसेल, तर तो फॅन तुमच्या गाडीचा नाही.

विकत घेण्यापूर्वी कपलर उघडून त्याच्या आत बघा. प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, पिना निळसर झाल्या असतील, तर ती मोटर बरेच दिवस जास्त करंट ओढत होती. पातं बोटाने ढकला. आतले कार्बन ब्रश घासले गेले असतील तर करंट देऊनही मोटर काही ठिकाणी उठत नाही, हात लावला की उठते. आणि फॅन सुटा उचलू नका. मागचं प्लॅस्टिकचं पूर्ण कव्हर, म्हणजे श्राउड, वीतभर वायरीसकट कपलर, आणि दोन वेगांचा असेल तर त्याचा रेझिस्टर, सगळं कुटुंब बरोबर आणा.

श्राउडशिवाय फॅन स्वतःच्या वर्तुळाएवढ्या जाळीतूनच हवा ओढतो. चौकोनी रेडिएटरचे कोपरे नुसते गरम पाणी धरून बसतात. म्हणूनच झिप टायचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. एकतर त्यात श्राउड नाही. दुसरं म्हणजे झिप टायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या जाळीच्या आरपार जातात आणि फॅनचं सगळं वजन पातळ नळ्यांवर येतं. गाडी जितकी थरथरते तितक्या त्या नळ्या घासतात. माझ्या पहिल्या प्रयोगात काही महिन्यांनी जाळीच्या मधोमध हिरवट ओलसर ठिपका दिसला. आठवडाभर मी तो पावसाचा समजत होतो. रेडिएटर काढला तेव्हा पट्टीच्या खाली नळीवर नखाएवढी चकचकीत घासलेली जागा होती आणि तिच्या मधोमध सुईएवढं भोक. दोन आडव्या लोखंडी पट्ट्या रेडिएटरच्या बाजूच्या फ्रेमला बोल्ट केल्या, त्यांवर श्राउड बसवलं आणि जाळीला कडेने फोमची पट्टी लावली, की हे दुखणं उद्भवत नाही.

आता "दोन वायरी". इथे मात्र गाडी पेटू शकते.

जुन्या गाडीचा अल्टरनेटर किती देतो ते आधी बघा. सुरुवातीच्या एमजीबीला ल्यूकास या ब्रिटिश कंपनीचा डायनॅमो होता, २२ अँपिअरचा. नंतर आलेले ल्यूकासचे अल्टरनेटर ३४-३६ अँपिअरच्या घरातले. हेडलाइट नऊ-दहा अँपिअर घेतात, मग इग्निशन कॉइल, टेललाइट, वायपर. त्यावर ३० अँपिअरचा फॅन टाकला की गणित जुळत नाही. त्यात हे आकडे इंजिन पळत असतानाचे. आयडलिंगला अल्टरनेटर त्यातला थोडाच भाग देतो, आणि फॅनला काम असतं ते नेमकं आयडलिंगला. कमी पडलेला करंट बॅटरी देत राहते. मला हे कळलं ते एका संध्याकाळी, ट्रॅफिकमध्ये उभा असताना. हेडलाइट चालू होते. फॅन सुरू झाला आणि पुढच्या गाडीच्या डिकीवर पडलेला माझा पांढरा उजेड बघताबघता हळदीसारखा झाला.

दुसरी गोष्ट सुरू होतानाच्या झटक्याची. मोटर थांबलेली असताना तिच्यात फिरण्याने तयार होणारा उलटा विद्युतदाब नसतो, त्यामुळे पहिल्या क्षणी ती नेहमीच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त करंट ओढते. डॅशबोर्डवरच्या जुन्या खटक्याचं यात काही चालत नाही. नेहमीचा ३०-४० अँपिअरचा रिलेही, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट जोडणारा स्विच, मोठ्या फॅनपुढे काही दिवसांत आतून चिकटतो, मग फॅन बंदच होत नाही. फॅन दोन वेगांचा असेल, तर आधी हळू, मग जोरात असा सुरू करा. झटका अर्ध्यावर येतो. रिले मात्र गरजेपेक्षा मोठाच घ्या. जोडणीत चूक व्हायचं कारण नाही: रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला मुख्य फ्यूजमधून थेट करंट, ८७ वरून फॅन, ८५-८६ मध्ये इग्निशननंतरचा बारीक करंट आणि तापमानाचा स्विच. फ्यूज करंट जिथून घेतला त्याच्या वीतभर अंतरात. फॅनच्या जवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.

वायरीच्या जाडीवर लोक हसतात, म्हणून हिशेबच देतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर वायरीतून ३० अँपिअर नेले, तर एक व्होल्टहून थोडा जास्तच दाब वाटेत जातो. फॅन हळू फिरतो हे एक, आणि तीस-पस्तीस वॅट उष्णता वायरीच्या जुडग्यात साठते. चालू सोल्डरिंग आयर्न टेप गुंडाळून बोनेटखाली ठेवल्यासारखं आहे ते. सहा चौरस मिलिमीटरची वायर घ्या, आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची वायरही तितकीच जाड ठेवा.

रिलेशिवाय, इग्निशनच्या वायरीवरूनच फॅन जोडणाऱ्यांना आणखी एक नवल बघायला मिळतं: चावी काढली तरी इंजिन काही क्षण चालतच राहतं. वेगात फिरणारा फॅन त्या वेळी स्वतःच जनित्र झालेला असतो आणि कॉइलला उलटा करंट पुरवतो. १९६७ च्या शेवटापर्यंतच्या एमजीबीसारख्या जुन्या गाड्यांत तर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. तिथे काळी वायर बॉडीला लावली, की फॅन उलटा फिरून हवा पुढे फेकतो. गाडीला अँमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा, असेल, तर फॅनचा करंट अल्टरनेटरच्या बाजूने घ्या. बॅटरीच्या टोकावरून घेतला, तर तो सगळा करंट अँमीटरच्या जुन्या वायरीतून जातो.

तापमानाचा स्विच थर्मोस्टॅट उघडतो त्याहून वरच्या तापमानाला चालू होणारा हवा. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर फॅन ९२-९५ ला सुरू आणि ८७ च्या आसपास बंद, असं ठेवलं की जमतं. "लवकर सुरू झालेला बरा" म्हणून स्विच ८० चा बसवला, तर फॅन कधी थांबणारच नाही.

राहता राहिलं अर्ध्या तासाचं काम. जुना फॅन काढणं सोपं वाटतं, पण काही गाड्यांत, उदाहरणार्थ बऱ्याच जुन्या बीएमडब्ल्यूंत, क्लचचा ३२ मिलिमीटरचा मोठा नट उलट्या आट्यांचा असतो. सवयीने फिरवला, तर तो आणखी आवळत जातो. बहुतेक ठिकाणी फॅन आणि पंपाची पुली त्याच चार बोल्टांनी धरलेली असते. फॅन निघाला की ते बोल्ट फॅनच्या जाडीएवढे लांब पडतात. मग ते पूर्ण आवळले तरी तळाला टेकतात आणि पुली सैलच राहते, हाताला मात्र घट्ट लागते. मीही तसेच लावले होते. दुसऱ्या दिवशी पट्टा ओरडतोय म्हणून मी पट्टाच ताणत बसलो, आणि संध्याकाळी पुलीला हात लावला तर ती डुगडुगत होती. आठ मिलिमीटर आखूड चार बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर, एवढ्यासाठी अख्खा रविवार गेला.