जुनी गाडी म्हणजे भंगार नव्हे!

आरसी, म्हणजे रिमोटवर पळणारी छोटी गाडी पुन्हा शर्यतीत उतरवायची म्हटलं की जो तो एकच पालुपद लावतो: "जुनी झाली, फेका, नवी घ्या!" का म्हणून? चासी, म्हणजे सांगाडा शाबूत, गिअर शाबूत. फोंड्याच्या पावसाळ्यात बेअरिंगं गंजली, ती बदलता येतात. ब्रश मोटरचा कम्युटेटर, म्हणजे ब्रश घासतात तो तांब्याचा भाग, काळा पडलाय, पुसला की फिरते! पण रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरवणारं २७ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल मागितलं की दुकानदार नुसता तोंडाकडे बघतो. ७.२ व्होल्टची निकेलची बॅटरी मागा, लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमरची बॅटरी पुढे करतो. अहो, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या जुन्या स्पीड कंट्रोलरला लिपोचा कटऑफच नाही, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं तरी तो मोटर थांबवत नाही! सेल ३ व्होल्टच्या खाली उतरला की बॅटरी कामातून गेली, हे विकणाऱ्याने सांगायला नको? टॅमिया या जपानी कंपनीने आपली १९८४ची हॉर्नेट ही आरसी गाडी २००४मध्ये पुन्हा बाजारात आणली. मग चार सुटे भाग ठेवायला या दुकानदारांचं काय जातं?